'कार्यात्मक व्याकरण' आणि मराठीचा भावी शिक्षक

मराठीच्या अध्यापनपद्धतीवरील पुस्तकांत 'कार्यात्मक व्याकरण' ही संज्ञा गेली कित्येक वर्षे नांदते आहे. तेथे तिचा अर्थ थोडक्यात असा : नियम आधी सांगू नयेत, व्याख्या पाठ करवून घेऊ नयेत, पाठ्यवेचा शिकविताना प्रसंगोपात्त, उदाहरणांकडून नियमाकडे जात व्याकरण शिकवावे. सूचना शहाणपणाची आहे. परंतु तिने बदलते ते शिकविण्याचे तंत्र. व्याकरण बदलत नाही. पूर्वी व्याख्येच्या आधाराने ओळखला जाणारा कर्मणी प्रयोग आता गोष्टीतल्या वाक्यात ओळखला जातो, एवढाच फरक. मायकेल हॅलिडे यांनी 'ॲन इंट्रोडक्शन टू फंक्शनल ग्रामर' (१९८५) या ग्रंथात जो विचार मांडला, त्याचा रोख तंत्राकडे नाही. भाषेचे रूप जसे आहे तसे का आहे आणि बोलणारा त्या रूपाकडून कोणते काम करवून घेतो, हा त्यांचा प्रश्न आहे. दोन्हींना मराठीत एकच नाव पडल्यामुळे बी.एड.च्या वर्गात हॅलिडे यांचा परिचय करून देताना पहिला अडसर नावाचाच येतो. विद्यार्थ्यांना वाटते, हे तर आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा सिद्धांत बाजूला ठेवून चार वाक्यांपासून आरंभ करणे बरे. 'मी चालत नाही', 'मला चालता येत नाही', 'मला चालवत नाही', 'मला चालायचे नाही.' पायाला प्लास्टर घातलेला माणूस दुसरे वाक्य बोलेल, थकलेली आजी तिसरे आणि हट्टाला पेटलेले मूल चौथे. शाळेत पाऊल न टाकलेले मूलही त्यांची अदलाबदल सहसा करीत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात मात्र या भावंडांची ताटातूट झालेली असते : एक साध्या काळात, एक संयुक्त क्रियापदांत, एक शक्य क्रियापदांत, एक धातुसाधितांत. रूपाच्या दृष्टीने ही वाटणी चुकीची नाही. परंतु ही चारही वाक्ये एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत : न घडणाऱ्या क्रियेचा बोलणाऱ्याच्या इच्छेशी आणि सामर्थ्याशी काय संबंध? हॅलिडे यांच्या परिभाषेत हे एका व्यवस्थेतील पर्याय होत. एक निवडला की उरलेले नाकारले जातात आणि अर्थ या नाकारण्यातूनही घडतो.

दुसरे उदाहरण प्रयोगाचे. 'मी काच फोडली', 'माझ्याकडून काच फुटली', 'काच फुटली.' विद्यार्थी सांगतो, पहिला कर्मणी, उरलेले दोन कर्तरी. उत्तर बरोबर आहे, गुणही पूर्ण मिळतात. परंतु चेंडू हातात लपवून उभा असलेला मुलगा पहिले वाक्य टाळून दुसरे किंवा तिसरे का उच्चारतो, याविषयी त्या उत्तराला काही म्हणायचे नसते. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, मरणे-मारणे अशा जोड्यांनी मराठीत जबाबदारी स्वीकारण्याची आणि झटकण्याची केवढी सोय करून ठेवली आहे! 'पोलिसांनी दोघांना ठार केले' आणि 'गोळीबारात दोघे ठार झाले' यांतील अंतर ज्याच्या लक्षात आले, त्याला प्रयोगांचे प्रकरण निरुपयोगी वाटणार नाही.

हे सारे परके आहे, असेही नाही. कारके वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असतात, हा विचार संस्कृत व्याकरणपरंपरेत जुना आहे. भांड्यात शिजविणे, भांड्याने शिजविणे आणि भांडे स्वतःच शिजविते असे म्हणणे, हे एकाच घटनेकडे पाहण्याचे वेगवेगळे मार्ग तेथे मान्य आहेत. मराठीच्या शालेय व्याकरणाने कारकाची आणि विभक्तीची नावे उचलली. विवक्षा मात्र वाटेत कोठेतरी गळाली. याचा दोष दादोबा पांडुरंग (१८३६) किंवा मोरो केशव दामले (१९११) यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त पूर्वसूरींशी सविस्तर वाद आहेत. शाळेपर्यंत पोचले ते त्या वादांचे निष्कर्ष, तेही तक्त्यांच्या रूपात. भावी शिक्षकाला हॅलिडेकडे न्यायचे तर 'विवक्षा' हा सर्वांत जवळचा दरवाजा आहे, असे मला वाटते. 'आमच्याकडे हे आधीपासूनच होते' असे म्हणून समाधान मानण्याचे मात्र कारण नाही. विवक्षेचा विचार मुख्यतः वाक्यापुरता राहतो. हॅलिडे वाक्याकडून संहितेकडे आणि संहितेकडून ती जेथे वापरली जाते त्या समाजाकडे जातात.

आणि या विचाराची खरी निकड व्याकरणाच्या तासापेक्षा भूगोल-विज्ञानाच्या तासाला जाणवते. मूल सांगते : 'लोकांनी झाडे तोडली, मग पाऊस आला आणि माती वाहून गेली.' पाठ्यपुस्तकी वाक्य असते : 'वृक्षतोडीमुळे जमिनीची धूप होते.' पाठ्यपुस्तके क्लिष्ट असतात ही तक्रार जुनी आहे आणि तिचा सारा भर संस्कृत शब्दांवर असतो. या वाक्यात 'वृक्ष' वगळता बोजड काय आहे? त्याऐवजी 'झाडतोड' म्हटले तरी अडचण कायम राहते, कारण ती घडणीत आहे. तीन क्रियापदे होती तेथे एक उरले, तेही 'होते' असे जवळजवळ रिकामे. तोडणे आणि वाहून जाणे या घडामोडींच्या वस्तू झाल्या. 'मग'मधला काळाचा क्रम '-मुळे'त शिरून कारण बनला. तोडणारी माणसे वाक्यातून निघून गेली. पावसालाही जागा राहिली नाही.

हॅलिडे याला 'व्याकरणिक रूपक' म्हणतात. काव्यातील रूपकात एका वस्तूवर दुसरीचा आरोप होतो. येथे क्रिया वस्तूचा वेश घेते. शास्त्राला या वेशाची गरज असते. 'धूप' ही वस्तू झाल्याखेरीज तिचे प्रमाण काढता येत नाही, प्रकार पाडता येत नाहीत, तिच्यावरील उपायांची चर्चा होत नाही. म्हणून 'सोपे लिहा' असे पाठ्यपुस्तककारांना बजावून प्रश्न सुटत नाही. बांधलेले वाक्य सोडविणे आणि सोडविलेले पुन्हा बांधणे, या दोन्ही गोष्टी मुलाला शिकवाव्या लागतात. ज्याच्या घरी पुस्तकी बोलणे कानांवर पडते त्याला हे नकळत साधते. ज्याच्या घरी पडत नाही तो पाचवी-सहावीपर्यंत 'ढ' ठरतो. त्याची बुद्धी कमी पडली की नामरूप वाक्यरचनेची ओळख, हे कोणी तपासत नाही. विज्ञानशिक्षक म्हणतो, भाषा माझा विषय नव्हे. भाषाशिक्षक म्हणतो, धूप माझा विषय नव्हे.

इंग्लंडमध्ये बुलक अहवालाने (१९७५) प्रत्येक विषयाचा शिक्षक हा भाषेचाही शिक्षक असतो अशी भूमिका घेतली. आपल्याकडे २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले, तेव्हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या आराखड्यात सर्व विषयांतील भाषेचा विचार करणारी अभ्यासपत्रिका आली. पत्रिका आली, पण वाक्य कसे सोडवावे हे दाखविणारे व्याकरण तिच्याबरोबर आले नाही. ऑस्ट्रेलियात जिम मार्टिन, जोन रॉदरी प्रभृतींनी हॅलिडेच्या आधाराने वंचित वस्त्यांतील शाळांत लेखनप्रकार उघडपणे शिकविण्याचा उपक्रम केला. त्यातून साचे तयार होतात, असा आक्षेप घेतला गेला. तो अगदीच अनाठायी नाही. मात्र आपल्या निबंधलेखनात साचे हॅलिडेवाचूनच सुखेनैव नांदत आहेत.

मला भीती वाटते ती वेगळी. कर्मणीचे पुराण, नवीन, शक्य, समापन असे भेद ज्या निष्ठेने पाठ होतात, त्याच निष्ठेने आशयात्मक, आंतरव्यक्तिक आणि संहितात्मक ही तीन कार्ये पाठ होतील आणि 'कार्यात्मक व्याकरणाचे फायदे व तोटे लिहा' असा प्रश्न मार्गदर्शकांत येईल. शिवाय हॅलिडे यांचा आरंभ चिनी भाषेच्या अभ्यासातून झाला असला तरी १९८५ ची मांडणी इंग्रजीची आहे. वाक्याच्या आरंभी येणारा घटक हा विधानाचा प्रस्थानबिंदू, हे तिच्यातील सूत्र मराठीवर जसेच्या तसे बसविता येणार नाही. मराठीत शब्दक्रम लवचिक आहे आणि कशाविषयी बोलायचे, कशावर जोर द्यायचा, हे पुष्कळदा 'च', 'तर', 'ही', 'मात्र' ही इवलीशी अव्यये ठरवितात. 'मी तर सांगितले होते', 'मीच सांगितले होते', 'मीही सांगितले होते' : भांडणे या अक्षरांवर जुंपतात. शालेय व्याकरण त्यांतील बहुतेकांना 'शुद्ध शब्दयोगी अव्यये' म्हणते, कारण त्यांच्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होत नाही. ती वाक्यात काय करतात, याला त्या व्याख्येत स्थान नाही. अध्यापक महाविद्यालयातील एखादा प्रकल्प एका वर्तमानपत्राच्या एका पानावरील 'च' आणि 'तर' गोळा करून सुरू करता येईल. त्यासाठी हॅलिडेची एकही संज्ञा आरंभी उच्चारावी लागणार नाही.