मोजलेले आणि काढलेले : १९६१ च्या एका शोधनिबंधाचे वाचन

पार्कर, जेन्किन्स, बटलर आणि ॲबट या चौघांचा शोधनिबंध १९६१ साली 'जर्नल ऑफ ॲप्लाइड फिजिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. धातूंच्या हायड्राइडांचे औष्णिक गुणधर्म उच्च तापमानाला मोजताना आजही त्यातील पद्धतीचा आधार घेतला जातो. दिव्याच्या जागी लेसर आला, एवढेच. भाषेच्या अध्यापकानेही हा निबंध वाचावा, तो त्यातील क्रियापदांसाठी.

प्रयोग साधा आहे. काही मिलिमीटर जाडीच्या चकतीची पुढची बाजू कापराच्या काजळीने काळी करायची, तिच्यावर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकायचा आणि मागच्या बाजूचे तापमान कसे चढते ते नोंदवायचे. चकतीची जाडी आणि कमाल वाढीच्या निम्म्यावर पोहोचण्यास लागलेला वेळ यांवरून विसरणशीलता, म्हणजे तापमानातील बदल पदार्थात किती वेगाने पसरतो ते, कळते. कमाल वाढीवरून उष्माधारकता मिळते. वाहकता मात्र या दोहोंचा आणि घनतेचा गुणाकार करून काढली जाते. सारांशात लेखकांनी हा भेद स्पष्ट केला आहे. शीर्षकात मात्र तिन्ही गुणधर्म 'निश्चित करणे' या एकाच क्रियापदात बांधले आहेत. माझा आक्षेप येथे आहे.

निबंधातील मोजमापे २२ व १३५ अंश सेल्सिअसला, तांबे, चांदी, लोखंड अशा धातूंवर झाली. चकतीतून उष्णता बाहेर जात नाही, असे गणितात गृहीत होते. त्यावरील दुरुस्ती कोवन यांनी १९६३ साली मांडली. परंतु झिर्कोनियम हायड्राइड पुरेसे तापवले की त्यातून हायड्रोजन सुटू लागतो. मोजता मोजता पदार्थच बदलतो. अशा वेळी जुनीच घनता व उष्माधारकता धरली, तर गुणाकार भलत्याच पदार्थाचा होतो.

ही चूक केवळ कागदावर राहत नाही. १९६५ साली अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या स्नॅप-१०ए अणुभट्टीचे इंधन युरेनियम-झिर्कोनियम हायड्राइडच होते. इंधनाचा गाभा किती तापेल याचा हिशेब वाहकतेवरच बसवावा लागतो.

मराठीत 'मोजणे' आणि 'काढणे', उर्दूत 'नापना' आणि 'हिसाब लगाना' हे भेद तयारच आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत प्रत्येक आकड्यापुढे यांपैकी योग्य क्रियापद लिहवून घ्यावे. हायड्राइडांवरील तक्त्यात तापवण्यापूर्वीचे व नंतरचे हायड्रोजनचे प्रमाणही शोधावे. ते नसेल, तर वाहकतेचा आकडा नेमका कोणत्या पदार्थाचा, हे वाचकाला कळत नाही.