पटकथेत न आलेली पानं

कादंबरीवर सिनेमा निघाला की प्रसिद्धीच्या मुलाखतींत एक प्रश्न ठरलेला असतो : मूळ पुस्तक वाचलंत का? कुणी म्हणतं, वाचलं आणि भारावून गेलो. कुणी म्हणतं, दिग्दर्शकांनीच वाचू नका म्हणून सांगितलं. प्रश्न तिथंच संपतो. वाचणाऱ्यानं त्या वाचनाचं पुढं काय केलं, हे कुणी विचारत नाही आणि मला तर तेवढंच ऐकायचं असतं. नटानं मूळ पुस्तक वाचायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. मात्र कथानक कळावं म्हणून वाचायची गरज नाही, ते पटकथेत असतंच. वाचायचं ते पटकथेत मावत नाही त्यासाठी.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' घ्या. आणीबाणीच्या काळातला नववीतला जोशी ही कादंबरी स्वतः सांगतो आणि तिची सगळी गंमत त्याच्या डोक्यात चालणाऱ्या हिशेबांत आहे. शिरोडकरनं वळून पाहिलं का, पाहिलं तर कुणाकडं, सुऱ्याला आणि चित्र्याला यातलं किती सांगायचं, असं पानोपानी चालू असतं. सुजय डहाके यांच्या 'शाळा' (2011) या सिनेमात वर्ग आला, बाकं आली, मित्रांची टोळी आली. पण डोक्यातला तो अखंड संवाद कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवता येत नाही. बराचसा भार ही भूमिका करणाऱ्या अंशुमन जोशीच्या बघण्यावर पडला. पटकथेत अशा जागी 'जोशी तिच्याकडं पाहतो' एवढंच लिहिता येतं. त्या पाहण्यात आशा आहे, भीती आहे की मित्रांपासूनची लपवाछपवी, ते कादंबरीतल्या त्या पानावर असतं. ते पान वाचलेला मुलगा आणि न वाचलेला मुलगा एकाच दिशेला बघतील, पण सारखं बघणार नाहीत.

'श्यामची आई'चा प्रश्न याहून अवघड आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे पुस्तकातली आई आपल्याला थेट दिसत नाही. ती गेल्यानंतर, मुलाच्या कृतज्ञतेतून आणि अपराधी भावनेतून ती दिसते. अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटात वनमालाबाईंनी ही भूमिका केली आणि त्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. ही भूमिका करणाऱ्या कुठल्याही अभिनेत्रीपुढं मोठा मोह उभा असतो : मुलाच्या स्मरणातली मूर्ती तशीच उचलायची आणि पहिल्या दृश्यापासून पुण्यवान दिसायचं. सावकाशीनं वाचलं की हाती वेगळंच लागतं. पोहायला जायच्या भीतीनं लपून बसलेल्या श्यामला आई शोधून काढते, झोडपते आणि विहिरीवर धाडते. मग तो परत आल्यावर मायेनं समजावते. मारते त्या क्षणी ती मूर्ती नसते. पोराला कुणी भित्रा म्हणेल या विचारानं व्याकूळ झालेली, कर्जात पिचलेल्या घरातली ती एक कोकणातली बाई असते. श्रद्धेच्या थराखालची ही बाई शोधायची, तर पुस्तकाशी थोडं भांडतच वाचावं लागतं.

'वाचू नका' म्हणणारे दिग्दर्शक मूर्ख नसतात. त्यांची भीती खरी आहे आणि तिला आपल्याच सिनेमात पुरावे आहेत. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (1979) अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून उभा राहिला. पटकथा विजय तेंडुलकरांची. फक्त 'सिंहासन' वाचून सेटवर गेलेल्या नटाच्या हाती सिनेमाचा एकच धागा लागला असता. निळू फुले यांचा दिगू टिपणीस आठवा. बोलतो थोडं, ऐकतो फार, आणि ते सगळं ऐकलेलं शेवटच्या वेड्या हसण्यात फुटतं. ही चढण तेंडुलकरांनी दृश्यांच्या क्रमातून रचलेली आहे, ती पटकथेतूनच सापडते. 'जोगवा'तही राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्यांतली माणसं आणि चारुता सागरांची कथा एकत्र आली. 'नटरंग'मध्ये तर शेवटच बदलला. आनंद यादवांच्या कादंबरीतल्या गुणाच्या वाट्याला न आलेला गौरव सिनेमातल्या गुणाला मिळतो. पुस्तकातला शेवट मनात धरून बसलेला नट इथं चुकीच्या दिशेनं चालत राहील.

म्हणून माझ्या लेखी क्रम महत्त्वाचा. आधी पटकथा, पुरती मुरेपर्यंत. मग पुस्तक. मग पुन्हा पटकथा, आणि चित्रीकरण सुरू झालं की पुस्तक कपाटात. सेटवर 'पण कादंबरीत असं नाहीये' म्हणणारा नट सगळ्यांचा वेळ खातो.

'नटरंग'बद्दल आणखी एक सल आहे. अतुल कुलकर्णींनी पैलवानाचं शरीर कमावलं आणि नाच्यासाठी ते उतरवलं. मेहनत विलक्षण होती आणि तिचं कौतुक झालं ते योग्यच झालं. पण आपल्याकडं भूमिकेच्या तयारीची चर्चा वजनाच्या काट्यावर सुरू होते आणि तिथंच संपते. यादवांची कागल परिसरातली बोली तोंडात कशी बसवली, गुणाच्या लाजेला शब्द कुठून मिळाले, हे क्वचितच विचारलं जातं. आणि बोलीसाठी तर पुस्तकाला पर्याय नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त माणसं तुटक बोलतात, आणि त्या तुटकपणामागं माणदेशाचं ऊन आणि दुष्काळ असतो. एकच बैल असलेल्या शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा लावते, हे माडगूळकर आवाज न चढवता सांगून जातात. निवेदनातला हा संयम संवादांच्या कागदावर येत नाही. ज्याच्या कानात तो नाही, तो नट अशा प्रसंगात हमखास रडवेला होतो. गावरान बोलीचं जे एकच एक सरसकट रूप आज पडद्यावर ऐकू येतं, त्यात माणदेश आणि कागल सारखेच बोलतात. याचं मूळ मला या न वाचण्यातच दिसतं.

रोजच्या मालिकांत संवादांचे कागद अनेकदा सेटवरच हातात पडतात. तिथं एकट्या नटाला दोष देणं अन्यायाचं आहे. वाचनाला दिवस राखून ठेवणं हे निर्मात्याचं काम. नाटकवाले तालमीच्या आधी वाचनाला बसतात. कादंबरीवरच्या सिनेमानं यात एक भर घालावी : नटांनी फक्त संवाद न वाचता निवेदनाचे उतारेही मोठ्यानं वाचावेत. याचा नमुना आपल्याकडं आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वीणा देव, विजय देव आणि त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं केलं. ना नेपथ्य, ना रंगभूषा, हातात फक्त संहिता. तरी डोंगर, पाऊस आणि माणसं श्रोत्यांसमोर उभी राहत. त्याच घरातल्या मृणाल कुलकर्णी दूरदर्शनच्या 'स्वामी'त रमाबाई म्हणून घराघरांत पोचल्या होत्या. पडद्यावरची अभिनेत्री लेखकाचं निवेदनही तितक्याच निष्ठेनं वाचते, हे प्रेक्षकांनी सभागृहात बसून ऐकलं आहे. एखाद्या कादंबरीचे हक्क घेतलेल्या निर्मात्यानं चित्रीकरणाआधी आपल्या नटांना असं एक अभिवाचन करायला लावावं, लेखक हयात असेल तर त्याला समोर बसवावं, आणि कॅमेरा त्यानंतरच लावावा.