इराणी नावाची थीम

'सोडाबॉटलओपनरवाला' असं पारशी आडनावांची गंमत करणारं नाव घेऊन २०१३ साली एक रेस्टॉरंट उघडलं. तेही मुंबईत नाही, गुरगावच्या सायबर हबमध्ये. थीम होती इराणी हॉटेल. मुंबईला त्याची शाखा नंतर आली. म्हणजे ज्या शहरात इराणी हॉटेलं एकेक करून बंद पडत होती, तिथेच त्यांची नक्कल गुरगावहून आली. त्याआधी २०१० साली ठकरार मंडळींनी लंडनमध्ये 'दिशूम' काढलं होतं, त्याच्या दारात आजही रांगा लागतात.

खरी इराणी हॉटेलं ही कुणा एका मालकाची साखळी नव्हती, पण दिसायची साखळीसारखीच. कोपऱ्याची जागा, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, आरसे, गल्ल्यावर स्वतः मालक. कयानी १९०४ सालचं, ब्रिटानिया १९२३ सालचं. कोपऱ्याची दुकानं इतर व्यापारी अशुभ मानायचे म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. याझ्द, केरमानकडून आलेल्या माणसांनी पोटासाठी चालवलेला हा धंदा होता, सजावट ठरवायला कुणी डिझायनर बसला नव्हता. गिऱ्हाईक रोज यायचं, कारण चहा-ब्रून स्वस्त होता आणि कुणाच्याही शेजारी बसता यायचं. जातीपातीच्या शहरात ही फार मोठी गोष्ट होती.

मग ती पडली का? जागांचे भाव चढले, पुढच्या पिढीला पहाटे उठून गल्ल्यावर बसायचं नव्हतं, आणि एका चहावर तासभर बसणाऱ्या गिऱ्हाइकावर भाडं निघत नाही. धोबी तलावाचं 'बस्तानी' गेलं. तिथल्या सूचनांच्या पाटीवरून निसिम इझिकेल यांनी इंग्रजी कविता केली होती. आज ही 'हे करू नका, ते करू नका' छापाची पाटी प्रत्येक थीमवाल्याच्या भिंतीवर असते. मूळ पाटी भांडकुदळ गिऱ्हाइकाला दम द्यायला होती, आताची फोटो काढायला आहे.

मेनूतही तेच. धानसाक हा पारशी घरचा पदार्थ, बेरी पुलाव ब्रिटानियाची खासियत, बनमस्का इराण्याचा. थीममध्ये सगळं एका ताटात. पारशी हजारेक वर्षांपूर्वी आले, इराणी परवापरवा, हा फरकच पुसला जातो. आमच्या तलासरीपासून जवळ, गुजरातच्या हद्दीत, संजाण आहे. पारशी पहिल्यांदा उतरले ते तिथे, असं त्यांची परंपरा सांगते. संजाण पडल्यावर त्यांनी पवित्र अग्नी बारा वर्षं जपला तो बहरोटच्या डोंगरातल्या गुहेत. ही गोष्ट कुठल्या मेनूकार्डावर कशी मावणार?

तरी दोघांत मला 'दिशूम' जास्त प्रामाणिक वाटतं. ते प्रत्येक शाखेसाठी एक कल्पित गोष्ट रचतं आणि ती गोष्ट आहे हे लपवत नाही.

पण सरावलीहून पाहिलं की या सगळ्या गोड आठवणीत एक खडा लागतो. मुंबईच्या लेखांमध्ये इराणी म्हणजे चहा, केक आणि खडूस पण प्रेमळ म्हातारा. डहाणूकडे इराणी म्हणजे चिकूची वाडी. वाडीत मजुरीला जाणाऱ्या आमच्या घरांमध्ये हा शब्द शेठच्या जोडीनेच यायचा. इथल्या जमीनदारांत हिंदू होते, मुसलमान होते, पारशी-इराणीही होते. १९४५ साली तलासरीजवळच्या झरीला वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही म्हणाले, ते या सगळ्यांविरुद्ध. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं नसेल तर जरूर वाचा. एकाच समाजातली माणसं शहरात वेटरमागे धावणारी आणि गावात मजुरावर हुकूम चालवणारी असू शकतात. थीमला यातलं एकच रूप परवडतं. कुठल्याही मालकाला दोष द्यायचा नाही, पण आपण लेख लिहिणारे तरी दुसरं रूप का गाळतो?

थीमचा धंदा टिकत का नाही, याचं उत्तर अमेरिकेत आधीच मिळालं होतं. 'प्लॅनेट हॉलीवूड' १९९१ साली श्वार्झनेगर, स्टॅलोन, ब्रूस विलिस यांच्या नावावर सुरू झालं, आणि १९९९ आणि २००१ साली, दोनदा दिवाळखोरीत गेलं. सिनेमातला कोट एकदा बघून झाला की बर्गरसाठी परत कोण जाणार? इराण्याकडे माणूस बघायला जात नव्हता, बसायला जात होता.

आता पाळी आमची. हायवेवर आणि समुद्राकाठी हॉटेलांच्या भिंतींवर तारपा वाजवणारे, फेर धरलेले पांढरे वारली दिसतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, चित्र जगभर गेलं, ते चांगलंच झालं. पण मुळात चौक लग्नाला काढायचा. सवाशिणींनी, तांदळाच्या पिठाने, गेरूच्या भिंतीवर, मधोमध पालघाट देवी. हॉटेलच्या भिंतीवर देवी नसते, फेर असतो, कारण फेर छान दिसतो. आणि त्या भिंतीखाली प्लेटा उचलणारा पोरगा बहुतेक वेळा वारलीच असतो. त्याला कुणी विचारत नाही की या चित्रात काय चुकलंय. विचारलं तर तो सांगेल: तारप्याच्या नाचात नाचणाऱ्यांनी तारपेवाल्याकडे पाठ करायची नसते.