‘कोर्ट’ : निकालावाचूनची शिक्षा आणि अटकेचा अधिकार

प्रस्तावना

मराठी कलाव्यवहाराला न्यायालय हे स्थळ नवे नाही. विजय तेंडुलकरांच्या १९६७ साली रंगमंचावर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात खेळातला खटला एका स्त्रीला खरीखुरी शिक्षा देऊन जातो. चैतन्य ताम्हाणे लिखित-दिग्दर्शित ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात खटला खरा आहे, कलमेही खरी आहेत. शिक्षा मात्र निकाल न लागताच भोगावी लागते. व्हेनिस महोत्सवातील पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभलेल्या या कलाकृतीच्या संयत शैलीबद्दल पुष्कळ लिहिले गेले. फौजदारी प्रक्रियेचे चित्रण म्हणून तिची चिकित्सा त्या मानाने कमी झाली. ती करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. या चित्रपटात पोलिसांचे सामर्थ्य आरोप सिद्ध करण्यात नसून कलम निवडण्यात आणि पुन्हा अटक करण्यात आहे, आणि आरोपीचे हक्क कायद्यात असूनही त्याच्यापर्यंत वेळेवर व त्याच्या भाषेत पोहोचत नाहीत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कलमाची निवड

पासष्टीतील लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) याला कार्यक्रम चालू असताना अटक होते. त्याच्या एका गीतामुळे वासुदेव पवार या गटार-सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली, असा आरोप त्याच्यावर आहे. गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ खालील, म्हणजे आत्महत्येस अपप्रेरणा देण्याचा. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये आली आहे.

सर्वसामान्य प्रेक्षकाला हा आरोप हास्यास्पद वाटतो. कायद्याच्या दृष्टीनेही तो तकलादू आहे. ‘जा, मर’ असे रागाच्या भरात काढलेले उद्गारदेखील अपप्रेरणा ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने संजू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००२) या प्रकरणात म्हटले होते. मग समूहासमोर गायलेले गीत एका विशिष्ट व्यक्तीच्या मृत्यूचे कारण कसे ठरावे? परंतु हा प्रश्न खटल्याचा आहे, अटकेचा नव्हे. आणि या दोहोंतील अंतरातच पोलिसांचा खरा अधिकार दडलेला आहे.

अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि अटक समर्थनीय असणे वेगळे, हे तत्त्व जोगिंदर कुमार (१९९४) प्रकरणात मांडले गेले. अर्नेश कुमार (२०१४) प्रकरणाने सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटकेची आवश्यकता नोंदवण्याचे आणि अटक आवश्यक नसल्यास हजेरीची नोटीस देण्याचे बंधन अधिक काटेकोर केले. कलम ३०६ खाली मात्र शिक्षा दहा वर्षांपर्यंतची आहे. सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात विश्वासार्ह माहिती आणि तीवरून गुन्हा घडल्याचे मानण्यास कारण, एवढे अटकेला पुरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ने साठ वर्षांवरील व्यक्तीच्या अटकेसाठी वरिष्ठ अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक केली. पण तीही तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतीच. म्हणजे कांबळेसारख्या वृद्धाला आजही या संरक्षणाचा लाभ मिळणार नाही. कलमाची निवड ही एका अर्थाने आरोपीच्या हक्कांचीच निवड असते, आणि ती करणारा हात पोलीस ठाण्यातील असतो.

हुकमी साक्षीदार आणि खरी साक्ष

अभियोग पक्षाचा साक्षीदार यापूर्वीही पोलिसांच्या इतर प्रकरणांत साक्षीला उभा राहिला आहे, हे बचावाचे वकील विनय वोरा उलटतपासणीत उघड करतात. तालुक्याच्या न्यायालयात बसलेल्या कोणालाही हा हुकमी साक्षीदार ओळखीचा वाटेल. ताम्हाणे या प्रसंगाला कलाटणीचे रूप देत नाहीत, हे विशेष. साक्षीदार खोटा ठरतो, तरी न्यायालयात कोणी चपापत नाही. पुढची तारीख पडते.

याउलट मृताची पत्नी शर्मिला पवार हिची साक्ष संपूर्ण चित्रपटाचा नैतिक केंद्रबिंदू आहे. नवरा दारू पिऊन गटारात उतरत असे, कारण दुर्गंधी सहन होत नसे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत झुरळ दिसले तर हवा आहे असे तो समजत असे. संरक्षक साधने नव्हती. हे सारे ती कोरड्या, निर्विकार स्वरात सांगते. या साक्षीने आत्महत्येचा मुद्दा जवळजवळ निकालात निघतो. पण तिथेच एक दुसरा गुन्हा उघडा पडतो, ज्याची नोंद कोणीच घेत नाही. संरक्षणाविना गटारात माणूस उतरवणे हा २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली दंडनीय अपराध आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. चित्रपटात मात्र कामगाराला गटारात उतरवणारा नव्हे, तर त्याच्या गटारावर गाणारा आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. पोलिसांचा अधिकार कोणावर चालला याइतकेच तो कोणावर चालला नाही हे महत्त्वाचे असते, हे या दृश्यातून एका शब्दाच्याही भाष्याविना सिद्ध होते.

आरोपीची भाषा

या न्यायालयात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषा एकाच वेळी नांदतात. साक्ष एका भाषेत होते, न्यायाधीश ती इंग्रजीत लेखनिकाला सांगतात आणि अभिलेखात तेच उरते. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) एकोणिसाव्या शतकातील नाट्यप्रयोगविषयक कायदा एका सुरात वाचत जातात. शब्दांवर हयात घालवलेला शाहीर स्वतःच्या खटल्यात मात्र मोजकेच बोलतो. भाषांतरात काय गळाले, हे विचारण्याची सोय त्याला नाही.

न समजणाऱ्या भाषेतील साक्ष आरोपीला समजेल अशा भाषेत सांगितली जावी, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच (कलम २७९) होती. अटकेची कारणे कळण्याचा हक्क तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. तरीही कारणे ‘कळवणे’ म्हणजे नेमके काय, हा वाद दीर्घकाळ चालला. पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) या प्रकरणांनी विशेष कायद्यांखालील अटकेत लेखी कारणे अनिवार्य ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू केला आणि ती कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असली पाहिजेत, असे स्पष्ट केले. चित्रपटातील कांबळेच्या मौनाचा अर्थ या निकालाच्या प्रकाशात अधिक गडद होतो. हक्क आहे, पण तो ज्या भाषेत आहे ती आरोपीची नाही.

जामीन आणि उन्हाळी सुटी

पहिल्या प्रकरणात कांबळेला जामीन मिळतो; रक्कम भरतात ते त्याचे वकील. लगेचच बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली त्याला पुन्हा अटक होते. कथानकाची ही वळणे नाट्यमय वाटली तरी त्यांमागे कायद्याचे अचूक भान आहे. २००८ च्या दुरुस्तीने या कायद्यात आलेल्या कलम ४३ड(५) नुसार, आरोप प्रथमदर्शनी खरा मानण्यास वाजवी आधार आहे असे न्यायालयाचे मत झाले, तर जामीन देता येत नाही. के. ए. नजीब (२०२१) प्रकरणात प्रदीर्घ कारावासाच्या कारणावरून घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात असे ठरले. परंतु ‘प्रदीर्घ’ म्हणण्यासाठी आधी वर्षे तुरुंगात जावी लागतात.

यानंतर न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते. दिवे मालवले जातात आणि रिकाम्या दालनाचा अंधार पडद्यावर रेंगाळतो. प्रेक्षकाला चित्रपट संपल्यासारखे वाटते. पण कॅमेरा न्यायाधीश सदावर्ते यांच्यामागे सहलीला जातो. आरोपीचा काळ आणि व्यवस्थेचा काळ यांतील विषमता दाखवणारे याहून नेमके दृश्य मराठी चित्रपटात क्वचितच आढळेल. येथे कोणी क्रूर नाही. सरकारी वकील घरी स्वयंपाक करतात, न्यायाधीश कुटुंबवत्सल आहेत. प्रत्येकजण आपले नेमून दिलेले काम करतो आणि त्या कामांची बेरीज एका माणसाचा कारावास होते.

चित्रपटाची मर्यादा

इतके असूनही एका मर्यादेचा निर्देश करणे आवश्यक आहे. नावाप्रमाणेच हा चित्रपट मुख्यतः न्यायालयाचा आहे. अटकेनंतरचे पहिले चोवीस तास आणि कोठडीतील चौकशी पडद्यावर येत नाही. डी. के. बसू (१९९६) निकालाने घालून दिलेले नियम, म्हणजे साक्षीदाराच्या सहीचा अटक-पंचनामा, नातेवाइकांना कळवणे, वैद्यकीय तपासणी आणि वकिलाची भेट, हे सारे नेमके त्याच तासांसाठी आहेत. तिथे ते पाळले गेले नाहीत, तर पुढची कितीही निष्णात उलटतपासणी ती भरपाई करू शकत नाही. कॅमेऱ्याचे दूरस्थ, स्थिर राहणे ही न्यायदालनात शक्ती ठरते. कोठडीच्या दारात तेच एक प्रकारचे संकोचलेपण होते. शिवाय कांबळेला वोरांसारखा सधन व तळमळीचा वकील लाभला आहे. अनुच्छेद ३९अ नुसार मोफत कायदेविषयक साहाय्यावर ज्यांची सारी भिस्त असते, त्या बहुसंख्य आरोपींचे न्यायालय या चित्रपटाच्या चौकटीबाहेरच राहते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘कोर्ट’ खोट्या आरोपाची गोष्ट सांगत नाही. आरोप खरा की खोटा याला महत्त्वच न उरण्याची प्रक्रिया तो उलगडतो. चित्रपटानंतरच्या दशकात नव्या संहिता आल्या, झडती व जप्तीच्या चित्रीकरणाची तरतूद झाली, लेखी कारणांचा हक्क प्रस्थापित झाला. या सुधारणांचे मोल नाकारता येणार नाही. तथापि कलम निवडण्याचा अधिकार, जामिनाची रचना आणि न्यायालयाचा कालावकाश या तिन्ही गोष्टी जिथे होत्या तिथेच आहेत. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात मूलभूत हक्क शिकवताना अनुच्छेदांच्या यादीला या चित्रपटाची जोड दिल्यास, हक्काची तरतूद आणि हक्काची प्राप्ती यांमधील अंतर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसेल. मात्र चित्रपट जिथे थांबतो तिथे, म्हणजे पोलीस ठाण्याच्या पायरीवर, अध्यापकाला स्वतः पुढे जावे लागेल. कारण विद्यार्थ्यावर वा त्याच्या आप्तांवर प्रसंग आलाच, तर तो बहुधा न्यायालयात नव्हे, तिथेच प्रथम येईल.