आकडा वाढला, ठेका तिथेच

ढोल-ताशा पथकांबाबत पुण्यात दोनच पक्ष आहेत. एकाच्या अंगावर काटा येतो, दुसरा कानात बोळे घालतो. नेमकं वाजतंय काय, हे ऐकणारा तिसरा पक्ष जवळपास नाहीच. पथकांच्या वाढीचं कौतुक होतं, आवाजाची तक्रार होते, पण वादनाची समीक्षा कुणी करत नाही. ती झाली तर पहिला मुद्दा हाच निघेल की गेल्या पंचवीस वर्षांत ढोल वाढले, पोशाख वाढले, सुपाऱ्या वाढल्या. रचना मात्र फारशा वाढल्या नाहीत.

याचं मूळ पथकांच्या जन्मात आहे. मुळशी, मावळ, भोरकडे ग्रामदैवताच्या जत्रेत ढोल-लेझीम पूर्वापार वाजतं. शहरातल्या शाळकरी पोरांच्या कमरेला ढोल बांधण्याचं श्रेय मात्र ज्ञानप्रबोधिनीकडे जातं. डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ही संस्था सुरू केली, आणि तिचं ढोल-बरची पथक विसर्जन मिरवणुकीची ओळख बनलं. मुलीही त्यात आल्या. आज पथकांत मुलींची संख्या पाहून कुणाला नवल वाटत नाही, ते त्यामुळेच. पुढे रमणबाग, गरवारे प्रशाला अशा शाळांची पथकं उभी राहिली. इथे हेतू शिस्तीचा होता, अंगात रग आणण्याचा होता. गणपतीआधीच्या सरावात आठवी-नववीतलं पोर तयार व्हायचं, तेव्हा ठोके सोपे असणं भागच होतं.

नंतर ही पोरं मोठी झाली आणि त्यांना ढोल खाली ठेववेना. माजी विद्यार्थ्यांची पथकं निघाली, मग शाळेशी काही संबंध नसलेली निघाली, नटनट्यांचं ‘कलावंत’ही निघालं. आता पुण्यात शंभराहून अधिक पथकं आहेत. वादक नोकरदार आहेत, पाच-सात वर्षं वाजवणारे आहेत. तरी वाजतं तेच, जे शाळकरी मुलांना झेपावं म्हणून बेतलं होतं. याला परंपरा म्हणायचं की आळस?

वाद्यही बदललं. चामड्याचं पान भाद्रपदातल्या पावसात हमखास सैल पडायचं. मग दोऱ्या ओढा, ढोल ताणा, शेकोटी शोधा. प्लास्टिकचं पान आलं आणि ही कटकट मिटली. पण उजव्या हातातलं टिपरू त्यावर पडलं की आवाज फटकन सुटतो आणि तितक्याच लवकर मरतो. डाव्या तळव्याच्या थापेला चामड्यावर जो घुमारा होता, तो प्लास्टिकवर भरत नाही. ती कसर मग संख्येने भरून काढायची: विसांचे चाळीस, चाळिसांचे शंभर. मोजून बघा, मोठ्या पथकात हलकं वाजवण्याची जागाच उरलेली नसते. सुरुवात जोरात, शेवट त्याहून जोरात.

त्यात स्थिरवादनाची भर. बेलबाग चौकात गोल करून उभं राहायचं, ध्वज नाचवायचे, मोबाइल वर झाले की लय चढवायची. चालता चालता वाजवणं ही या कलेची खरी परीक्षा. पावलाला ठेका बांधलेला असतो आणि रस्ता लयीवर लगाम ठेवतो. उभ्याने वाजवलं की तो लगाम सुटतो. मिरवणूक तीस तासांपुढे गेल्याचं खापर केवळ पथकांवर फोडणं अन्यायाचं आहे, पण त्यांचा वाटा नाकारण्यातही अर्थ नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच वादक असावेत असं बजावलं. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पेढे वाटावेत तसा आनंद झाला. मला तो तीसचा आकडा सरकारी थाटाचा वाटला, तरी अन्यायाचा वाटला नाही. तिसांत एकाची चूक ऐकू येते. शंभरात ती बुडते, आणि म्हणूनच शंभर हवेसे वाटतात.

संख्या आणि रचना यांचं वैर आहे असं मात्र नाही. केरळात चेंड्यांचा पंचारी मेळम ऐकावा. तिथेही वादकांची मोठी फौज असते, पण पहिला टप्पा ९६ मात्रांच्या आवर्तनाचा. मग ४८, २४, १२ आणि शेवटी ६. आवर्तन निम्मं होत जातं, लय चढत जाते आणि श्रोता हवेत बोटं नाचवत हिशेब धरून बसतो. तिथे कळस कमवावा लागतो. आपल्याकडे तो पहिल्याच मिनिटाला वाटून टाकलेला असतो.

कमावण्याची सोय आपल्याकडेही आहे. ती ताशात आहे. पथकाचं खरं संगीत तिथे घडतं. दोन काड्यांची तर्री, तिच्यातले खंड, ढोलांना दिलेला इशारा, ठेका बदलण्याआधीची हुलकावणी हे सगळं ताशेवाला करतो. पण मुलांना ढोल हवा असतो. तो चटकन येतो आणि फोटोत चांगला दिसतो. ताशाला वर्षं जातात. म्हणून चांगला ताशेवाला मिळणं मुश्कील, आणि मिळाला तरी शंभर ढोलांपुढे त्याचं काम शिट्टीइतकंच उरतं. लग्नाच्या वरातीत आणि मोहरमच्या ताबुतांपुढे पिढ्यान् पिढ्या ताशा वाजवणारी घराणी महाराष्ट्रात आहेत. त्यांचे बोल, त्यांचे तोडे पथकांनी शिकून घ्यायला हवे होते. वाद्यपूजनाला पुढारी बोलावतात, त्या पाटावर एखाद्या वर्षी असा म्हातारा ताशेवाला बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे चार मुलं पाठवली, तर नदीपात्रातल्या सरावात काहीतरी वेगळं कानावर पडेल.