कार्ल्याच्या दाराचा सुतार

लोणावळ्याजवळचा कार्ल्याचा डोंगर मी विद्यार्थ्यांना घेऊन चढलो तो एकवीरेच्या यात्रेच्या गर्दीतून. नवस फेडायला आलेली कोळी, आगरी माणसे, उन्हातान्हात राबणारी. त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते आमच्या सौंदर्यवादी समीक्षकांशी. देवीच्या देवळामागच्या चैत्यगृहावर ते लिहितात तेव्हा सदतीस खांब, हत्तींवर बसलेली जोडपी, छताला दोन हजार वर्षे टिकलेल्या लाकडी फासळ्या, सारेच त्यांना 'दिव्य' आणि 'अलौकिक' वाटते. जणू कातळ आपोआप पोखरला गेला! माणसाचे नाव घ्यायचेच झाले तर वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे. जंबुद्वीपातले हे उत्तम शैलगृह आपण पूर्ण केले, असे त्याने कोरून ठेवले आहे.

पण त्याच लेण्यात दाराशी आणखी एक ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकटाचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, याने हे दार केले. एवढेच. श्रेष्ठीच्या लेण्यात सुताराचेही नाव दगडावर यावे, ही गोष्ट मला त्या खांबांहून मोठी वाटते. सामीला आजच्या जातीच्या कप्प्यात बसवण्याची घाई आपल्यातलेही काही करतात. ती मला मान्य नाही. लेखात जात नाही. गाव आहे, कसब आहे, बापाचे नाव आहे.

वाटाड्याने श्रेष्ठीचा लेख दाखवला आणि तो पुढे निघाला. मी मुलांना दारापाशीच थांबवले.