सफारीची प्रवासवर्णने

सहकुटुंब आफ्रिकेस जाऊन आलेल्या मराठी गृहस्थांची प्रवासवर्णने अलीकडे वरचेवर वाचावयास मिळतात. मसाई मारा, सेरेंगेटी, सिंह, नदी ओलांडणारे कळप, तंबूतील भोजन, मुलांचा हर्ष हा क्रम ठरलेलाच. भाषा बहुधा नीटस असते. उणीव आहे ती दृष्टीची. मसाई मनुष्य येथे नर्तक म्हणून येतो व जातो. १९५९ साली त्याच्या जातभाईंस गुरांसह सेरेंगेटी सोडावे लागले, हे लेखकाच्या गावीही नसते.

वस्तुतः 'सफारी' हा स्वाहिली शब्द अरबी 'सफर'वरून आलेला, आणि सफर तर आपल्या घरचीच. रोहे व मुरूड तालुक्यांतील फणसाडचे रान पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचे शिकारीचे रान होते, व सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतलेच! १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९८६ साली रान अभयारण्य झाले. तेथील शेकरूवर मात्र आमच्या प्रवासी लेखकांनी चार ओळी खर्चिल्याचे आम्हांस आढळले नाही.

व्यंकटेश माडगूळकरांनी एकाच रानात मुक्काम करून, पायी हिंडून 'नागझिरा' लिहिले; म्हणून ते रान वाचकाचे झाले. आफ्रिकेस जाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पेणच्या कारखान्यांत मूर्ती घडली, रंगली, तरी डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती पुरी झाली असे कोणी मानीत नाही. या वर्णनांची आखणी अद्याप व्हावयाची आहे. आणि तिचा हात घरच्या रानातच बसतो.